नूरभाऊचा सकाळचा हात

पूस महिना लागला की झाडीपट्टीतली पहाट अंथरुणातून लवकर निघत नाही. तळ्यावर धुकं साचून राहतं, तणसाच्या ढिगावर दव बसतं, कोंबडा एकदा आरवतो नि पुन्हा पंखात मान घालतो. अशाच एका गुरुवारी, चिमुरापासून चार कोसांवरच्या पिंपळदोहात, देवकाबाई शाल पांघरून, पानाचा डबा मांडीवर घेऊन मोटरीत मागं बसल्या होत्या. इंजन सुरू होतं. धूर निघत होता. आणि मोटर जागची हालत नव्हती.

चाकामागं नूर मोहम्मद. उजव्या हातात चाक, डाव्या हातात गेरची दांडी. क्लच पार खाली दाबून तो दांडी पुढं रेटत होता, आणि दांडी चिखलात रोवलेल्या खुंट्यासारखी जागीच डुलत होती. जोर केला की गेरच्या पेटीतून खर्रर्र असा आवाज येई, आणि त्या आवाजासरशी नूर मोहम्मदच्या कानशिलात कुणी खडा घासल्यासारखं होई.

"आज हँडल बी जड चाललं जी, भाऊ," इस्तारी पुढून म्हणाला. इंजन चालू करायचं हँडल फिरवून फिरवून त्याच्या कपाळावर त्या थंडीतही घाम आला होता. "इंजनच्या पोटात कोनी बसलं वाटते."

"तू गप राह्य."

"गप कसा राहू? अर्धा तास मीच फिरवून राह्यलो नं."

मागून देवकाबाई म्हणाल्या, "नूर मोहम्मद, रेल का माझ्या बापाची हाय थांबाले?"

रेल थांबली नाही. ऊन तळ्याच्या पाळीवर आलं तेव्हा दांडी आपसूक सुटली, मोटर गुमान चालू लागली. पण तोवर नागभीडची छोटी रेल नागपूरच्या वाटेला लागलीही असेल. देवकाबाई खाली उतरल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पुढच्या गुरुवारी मले जायचंच हाय," त्या म्हणाल्या. "पोरीचे दिवस भरत आले. तवा बी असंच झालं तं चांद्याच्या त्या रहीमले बोलावीन. बांबूच्या ट्रकवर हाय नं तो, त्याले." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "बावीस वर्सं झाली, नूर मोहम्मद. हात थकला असन तं सांगून दे. त्यात काय लाज?"

बाईंची मालगुजारी जाऊन चार वर्षं झाली होती. शेत आटलं, नोकरमाणसं पांगली. मोटर तेवढी राहिली, आणि मोटरीसोबत नूर मोहम्मद राहिला. कधी बाजाराची माणसं, कधी नवरदेव, कधी बाळंतीण, जो बसेल त्याला तो पोचवी. पंचक्रोशीत त्याला कुणी नूर मोहम्मद चुडीवाल्याचा म्हणत नसे. मोटरवाला नूरभाऊ म्हणत.

तो मान खाली घालून बाईंचं ऐकत राहिला. डावा हात त्यानं सदऱ्याच्या खिशात घातला होता. तो हात पावसाळ्यापासून दगा देत होता. पहाटे मूठ मिटत नसे, खांदा लाकडासारखा होई. ऊन चढलं की हात मोकळा. हे त्याची बायको कनीज सोडली तर कुणाला ठाऊक नव्हतं.

सकाळी हात अडे, मोटर अडे. दुपारी हात सुटे, मोटर सुटे. आता दोष कुठं आहे ते विचारायला का कुणाकडं जायचं?

तरी त्यानं मन मानेना म्हणून शोध घेतला. शुक्रवारी पहाटे मोटर ठेवायच्या छपरात तणस पसरलं, वर पोतं टाकलं नि इस्तारीला बोलावलं. इस्तारी पूर्वी बाईंचा गाडीवान. पंचवीस वर्षं बैल हाकले, आता बैलही हाकी आणि मोटरीच्या फळीवर उभं राहून लोकांची गाठोडीही चढवी. गावाच्या बोलण्यात बैलाची ती गाडी, आणि ही मोटर. एक घरची, एक साहेबासारखी. दोन्हींचं जू इस्तारीच्याच मानेवर होतं.

"हे पाह्य," नूर मोहम्मद म्हणाला. "इंजन बंद ठेवून दांडी टाकायची. बंदमदी सोपी पडली अन् चालत्यात खरखरली, तं क्लच पुरता सुटत नाई म्हनायचं. दोष क्लचचा."

"अन् बंदमदी बी नाई पडली तं?"

"टाकून तं पाहू."

इंजन बंद होतं. दांडी तरी तशीच ताठ.

"मंग क्लच नाई," इस्तारी म्हणाला, जणू जन्मभर तेच करत आला होता.

त्यानं इस्तारीला चाकामागं बसवून दांडी ओढायला लावली. इस्तारीनं बैलाची वेसण ओढावी तशी ओढली, मोटर सगळी हादरली, दांडी हालली नाही. पण इस्तारीनं कधी गेर टाकलाच नव्हता. त्याला न जमणं हे काही प्रमाण नव्हे. नूर मोहम्मदनं दांडीच्या बुडाचं चामडं सोडलं, आतली गुडघी पुसली, पाहिली, परत बसवली. हे करेपर्यंत ऊन छपरात शिरलं नि दांडी सुटली. तरी शनिवारी क्लचचा गजही मोजून नीट केला. पुन्हा तेच. रविवारी दुपारी तो मोटरीखाली गेला, पेटीच्या बाजूचं बूच पान्यानं काढलं, बोट घातलं. बोट पेरभर बुडलं. तेल होतं, काळं होतं, भरपूर होतं. पडशानं त्याचं नाक आठ दिवस बंद होतं. बोट चिंधीला पुसून त्यानं बूच लावलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या पायाला कळली होती. पहाटे, दांडी मधोमध मोकळी ठेवून क्लचवरचा पाय उचलला, की इंजनाचा आवाज दबे. कुणी पाण्यात ओढल्यासारखं ते गुदमरे. पायाचं हे सांगणं त्यानं मनावर घेतलं नाही. हाताची चिंता इतकी मोठी होती की पायाचं कोण ऐकतो.

सोमवारी भर दुपारी बांबूचा ट्रक तळ्याच्या पाळीवर थांबला आणि रहीम उतरला. चोविशीतलं पोरगं, केसाला तेल, गळ्यात लाल रुमाल. बाईंनी निरोप धाडला होता.

"सलाम, चाचा. पाहू का?"

"पाह्य बाबा."

रहीम चाकामागं बसला. दोन बोटांनी दांडी धरली. एक, दोन, तीन, मागचा. पाण्यात मासोळी फिरावी तशी दांडी फिरली. त्यानं मोटर पाळीवरून नेली, वळवून आणली, आणि उतरल्यावर बोलायच्या आधी जरा वेळ रुमालाशी चाळा केला.

"चाचा, गेरमदी तं काई नाई. आरामसे पडते." मग हळूच, "माझ्या अब्बाचा हात बी असाच झालता. त्यायनं मंग ट्रक सोडला."

पाळीवर पोचू ढिवर जाळं वाळत घालत होता. सगळं गाव जे मनात ठेवी ते पोचूच्या तोंडात राहत नसे.

"नूरभाऊ, जाळं वढाले या आमच्यासंगं! तळ्याले गेर नसते."

लोक हसले. नूर मोहम्मदही हसला. रहीमच्या पाठीवर हात ठेवून त्यानं त्याला चहा पाजला, ट्रक वळणाआड जाईस्तोवर उभा राहिला, नि मग घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला. कनीजनं भाकर वाढली. त्यानं अर्धी मोडली, अर्धी ठेवली.

मंगळवार चिमूरच्या बाजाराचा. कनीज पहाटेच उठली. टोपल्यात बांगड्या लावायच्या होत्या: लाल, हिरव्या, पोपटी, वर भुशाचा थर, वर पुन्हा बांगड्या. तीस वर्षं ती झाडीतल्या बायांना बांगड्या भरत होती. धान रोवून रोवून राठ झालेले, मोहफूल वेचून काळे पडलेले, बाळंतपणानं सुजलेले असे हजारो हात तिच्या हातातून गेले होते. अंगठा तळव्यात दुमडायचा, हाडाची गाठ चाचपायची, गप्पा मारत बाईला हसवायचं आणि ती हसली की बांगडी आत. जोर करायचा नाही. जोर केला की काच फुटते नि हात चिरतो.

शेजारी इस्तारीच्या घरी त्याची गोकुळा दळत होती. कुडाच्या भिंतीतून जात्याची घरघर आणि तिचा आवाज दोन्ही येत:

मोटर चालली बाई, आडवा आला नाला
नूर माझा भाऊ, कासरा हाती त्याला

नूर मोहम्मदनं कूस बदलली. "तिले सांग, दुसरं काई म्हन म्हना."

"म्हनू द्या. हात इकडं करा."

"राहू दे. गेला आता हा हात."

"कोन म्हनते?"

"रहीम म्हनते. बाई म्हनते. पोचू तं गावभर म्हनते."

"अजी, पोचूनं किती हात पाह्यले?" कनीजनं त्याचा हात मांडीवर ओढून घेतला. बांगडी भरायची असावी तसा अंगठा तळव्यात दुमडला, मनगट दाबलं, बोटं एकेक करून मिटवली. डोळे मिटून ती चाचपत राहिली. "दुखते?"

"दुखते."

"पन मिटते नं?"

"तू मिटवली तं मिटली."

"मंग हात आखडते. अडत नाई. आखडणं येगळं, अडणं येगळं." तिनं त्याच्या तळव्यावर थाप मारली. "आखडलेल्या हातात बांगडी उशिरा जाते, पन जाते. तुमची दांडी तं जातच नाई म्हनता. खोट हाताची नोहे. मी सांगते."

नूर मोहम्मद तिच्याकडं पाहत राहिला. पाच दिवसांत त्याच्या बाजूनं बोललेलं हे पहिलं माणूस.

"आता चोळून देते," ती म्हणाली. कोनाड्यातली वाटी तिनं चुलीजवळ ठेवली. "जरा थांबा. टोरीचं तेल थिजून गेलं."

टोरी म्हणजे मोहाची बी. जेठात वेचायची, फोडायची, घाण्यावर नेऊन तेल काढायचं. त्यातच तळण, तेच अंगाला, तेच बैलगाडीच्या आसाला. वाटीतलं तेल तुपासारखं पांढरं, घट्ट. नूर मोहम्मदनं सहज त्यात बोट रोवलं नि काढलं. बोटाचं भोक तसंच राहिलं.

तो त्या भोकाकडं पाहत राहिला.

"हे दुपारी कसं राह्यते?"

"दुपारी पातळ होते. थंडीत रोजचंच हाय ते. काऊन?"

अंगावरचं पांघरूण तसंच घेऊन, अनवाणी, दवावरून तो छपराकडं धावत सुटला.

मोटरीखाली शिरून बूच काढलं. बोट घातलं. रविवारी दुपारी पेरभर बुडालेलं बोट आता ओल्या पिठात शिरावं तसं शिरलं. बाहेर काढलं तर बोटावर राखाडी लोण्याचा गोळा. पाय काय सांगत होता ते त्याला आता कळलं: पेटीतली चाकं या गोळ्यात रुतून बसत, तर दांडी कशी सरकेल? नाक बंद होतं म्हणून तो तसाच गोकुळाच्या दारात गेला.

"गोकुळा, वास घे याचा."

गोकुळानं जातं थांबवलं. बोट हुंगलं. "टोरी हाय जी. मळकट दिसते, पन टोरीच. कोनाच्या घरचं?"

"मोटरीच्या पोटातलं."

गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन इस्तारी येत होता. तो उंबऱ्याशी थांबला.

"मीच टाकलं नं ते," तो म्हणाला. "तुमाले सांगतलं होतं."

"कधी?"

"दिवाळीच्या आंधी. तुम्ही तापात होते. मोटर खालून तेल गाळे, मातीत हे एवढालं डबकं. तुम्हीच दाखवलं होतं, बोट बुडलं पायजे म्हनून. बोट काई बुडेना. मंग बुडेस्तोवर टाकलं. तुमच्या खाटेपाशी येऊन सांगतलं, गाडीले तेल पाजलं म्हनून. तुम्ही म्हनले, बरं केलं."

"अरे बाप्पा, मले वाटलं बैलगाडी!"

"बैलगाडीचं काऊन सांगन मी तुमाले? तिले तं आठ दिवसाले पाजतो."

"मोटरीले गाडी कधीपासून म्हनाले लागला तू?"

इस्तारी पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. "काय मालूम. फळीवर उभं राहू राहू तोंडात आलं."

तेवढ्यात गोकुळाच्या डोक्यात उजेड पडला. "म्हनूनच! म्हनूनच माझ्या दोन बाटल्या दिवाळीत रिकाम्या! मी म्हनलं मांजरानं पाडल्या. पोट्ट्याइले एक वडा नाई भेटला सनाले, अन् हा बाप्पा मोटरीले पाजून आला!"

"ती किरकिर करत होती वो," इस्तारी म्हणाला. "आयकवत नव्हतं."

नूर मोहम्मदच्या घशाशी शिवी आली होती. पाच दिवसांचा अपमान तिच्या मागं उभा होता. पण समोर पाटी धरून उभा असलेला हा माणूस, ज्याच्या घरी दिवाळीत तळण झालं नाही, त्याच्याकडं पाहता पाहता ती शिवी आतच विरघळली.

"बाईले सांगान?" इस्तारीनं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता. "बाई मले फळीवरून उतरवन."

"आंधी इंगळ आन," नूर मोहम्मद म्हणाला. "घमेलंभर. पेट्रोलच्या टाकीपासून दूर ठेवजो, नाई तं फळीवरून काय, गावातूनच उतरशीन."

घमेल्यातले इंगळ पेटीखाली ठेवले. दोघं पालथे पडून पाहत होते. कनीज बाजाराचं टोपलं डोक्यावर घेऊन वाटेवर थबकली, बाया जमल्या, आणि गोकुळा भांडण विसरून कुडाआडून म्हणाली:

मोटर आखडली बाई, पुसाचं लागलं वारं
चुलीतले इंगळ, तिच्या पोटाशी ठेवा बरं

घटकाभरानं निखारे ओढून काढले, पार विझवले, आणि खालचं बूच सोडलं. आधी थेंब, मग धार. इस्तारीनं मडकं धरलं. एक थेंब त्यानं भुईवर पडू दिला नाही. मग घासलेट टाकून पेटी दोनदा धुतली. पेटी लख्ख झाली, नि रिती झाली. गेरचं तेल तर चांद्याखेरीज कुठं मिळत नव्हतं.

बुधवारी दुपारी नूर मोहम्मद रिकामा डबा घेऊन सडकेवर उभा राहिला. बांबूचा ट्रक आला, थांबला.

"चाचा? उन्हात काऊन उभे?"

"तेल पायजे गा. गेरचं." डबा हातातल्या हातात फिरवत त्यानं सांगून टाकलं. "हात नोहता. पेटीत टोरीचं तेल होतं. पहाटे थिजे, दुपारी सुटे."

रहीम चाकावर डोकं टेकवून हसला, इतका की वरचे बांबू हालले. "टोरीचं! या अल्ला! कोनी टाकलं?"

सडकेच्या पलीकडं इस्तारी बैलांना पाणी पाजत होता. त्याची पाठ इकडं होती, पण हात थांबला होता.

"माझ्या मोटरीत माझ्याबिगर कोन टाकन?" नूर मोहम्मद म्हणाला. "म्हाताऱ्यानं चूक केली. दे आता."

हसू ओसरलं. रहीम खाली उतरला, फळीखालून तेलाचा डबा काढून सगळाच त्याच्या हाती दिला. "चाचा, मी बी दुपारीच आलतो. पहाटे याले पायजे होतं." त्यानं नूर मोहम्मदचा डावा हात दोन्ही हातांत धरला नि कपाळाला लावला. बैलांचं पाणी पिऊन झालं तरी इस्तारी कळशी ओततच होता.

गुरुवारी पहाट तशीच होती. तेच धुकं, तोच कोंबडा. देवकाबाई मागं बसल्या. पाळीवर चार माणसं उगीच उभी होती, त्यांत पोचू.

इस्तारीनं हँडल फिरवलं. दुसऱ्याच फेऱ्याला इंजन बोललं. नूर मोहम्मदनं क्लचवरचा पाय उचलून पाहिला. आवाज दबला नाही. त्यानं पुन्हा क्लच दाबला, डावा हात दांडीवर ठेवला. हात आखडलेला होताच. बोटं नीट मिटली नाहीत. त्यानं जोर केला नाही. कनीज बांगडी भरते तशी, तळव्यानं नुसती वाट दाखवली.

दांडी पडली. आवाजसुद्धा झाला नाही.

"आरं, गेली!" पोचू ओरडला, आणि सर्वांत मोठ्यानं तोच हसला.

सडकेला लागल्यावर दोन कोसांत पेटी तापली, आणि देवकाबाईंनी नाक वर केलं.

"नूर मोहम्मद, वड्याचा वास काऊन येऊन राह्यला?"

नूर मोहम्मदनं समोरच पाहिलं. "थंडीची मोटर आखडे, बाई. जरा तेल चोळलं."

"टोरीचं?"

"जी."

बाईंनी मान वळवून फळीवर उभ्या इस्तारीकडं पाहिलं. त्याचे कान लाल होते, थंडीनंही होतात. मग पानाचा डबा उघडला, एक पान लावलं, नि बाहेर हात काढून ते इस्तारीच्या हातात दिलं. आजवर कधी दिलं नव्हतं.

नागभीडला रेल उभी होती. चढताना त्या म्हणाल्या, "माघाच्या पुनवेले परत येईन. तूच येजो घ्याले." आणि पायरीवरून, "अन् गोकुळाले दोन बाटल्या तेल माझ्या घरून देजो. तिचं भांडन माझ्या अंगणात बी आयकू आलं. वड्याचा वास आला, वडे नाई भेटले."

परतीच्या वाटेला सागाचं रान लागलं. ऊन पानांतून गळून सडकेवर पडत होतं. नूर मोहम्मदनं मोटर थांबवली.

"फळीवर काऊन उभा? पुढं ये. बस इथी."

इस्तारी अंग चोरून बसला.

"हात ठेव दांडीवर."

"नाई जी भाऊ. मोडन."

"तुझ्या तेलानं नाई मोडली, हातानं काय मोडते?"

इस्तारीनं हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. नूर मोहम्मदनं त्यावर आपला डावा हात ठेवला. क्लच दाबला. दोन्ही हात मिळून पुढं सरकले, दांडी आत गेली, आणि मोटर लाल धुळीवरून हळूच चालू लागली. इस्तारी श्वास धरून होता.

"भाऊ, झालं?"

"झालं," नूर मोहम्मद म्हणाला. हात त्यानं उचलला नाही. "चालली आपली गाडी."